डिझाईन क्षेत्रांतील संशोधन : स्वरूप, पद्धती आणि प्रमाण (विशेष संदर्भ : अंबड परिसर)

सारांश

डिझाईन ही संज्ञा वस्त्र, वास्तू, अक्षर, यंत्र, सेवा अशा परस्परांपासून दूर वाटणाऱ्या अनेक क्षेत्रांना व्यापून आहे. या क्षेत्रांत काम पुष्कळ होते. तथापि त्यांतील कोणते काम 'संशोधन' या पदवीस पात्र ठरते, याविषयी महाविद्यालयीन वर्तुळात संदिग्धता आढळते. प्रस्तुत लेखात डिझाईनविषयक संशोधनाचे प्रकार, त्यांची ज्ञानपद्धती आणि प्रमाणाचे निकष यांचे विवेचन केले आहे. देवनागरी अक्षररचना, अंबड येथील पुष्करणी बारव आणि पैठणी वस्त्र ही तीन उदाहरणे त्यासाठी घेतली आहेत. नवी वस्तू निर्माण होणे एवढ्याने संशोधन सिद्ध होत नाही. वस्तू अशीच का घडली आणि कोणते पर्याय का नाकारले गेले, याची तपासता येण्याजोगी नोंद झाली म्हणजे ते सिद्ध होते, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

बीजसंज्ञा : डिझाईन, अभिकल्प, संशोधनपद्धती, देवनागरी अक्षररचना, बारव, पैठणी, आंतरविद्याशाखीय अभ्यास.

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनात डिझाईन हा विषय अद्याप परिघावरच राहिलेला आहे. इतिहासाचा प्राध्यापक बारवेवर शोधनिबंध लिहितो, गृहविज्ञानाची प्राध्यापिका पैठणीचा अभ्यास करते, मराठीचा अभ्यासक लिपीसुधारणेच्या चळवळीचा मागोवा घेतो आणि वाणिज्य शाखेत जालन्याच्या मोसंबीच्या विपणनावर प्रकल्प होतात. हे चारही विषय डिझाईनला स्पर्श करणारे आहेत. परंतु बारवेचा निबंध निर्मात्याच्या नावापाशी थांबतो, पैठणीचा अभ्यास विणकरांच्या उत्पन्नाच्या तक्त्यांपाशी थांबतो, आणि ही वस्तू अशाच आकाराची का, ती निराळी असती तर काय झाले असते, हा प्रश्न कोणत्याच शाखेच्या वाट्याला येत नाही.

या उपेक्षेची किंमत मोठी आहे. बारवेचा एखादा चिरा निखळतो तेव्हा तो कोणत्या क्रमाने बसविला होता हेही विस्मृतीत जाते. विणकर माग सोडतो तेव्हा त्याच्या बोटांतील हिशेब त्याच्याबरोबर जातो. छापखान्यातील खिळे जुळविणारे जुळारी आता जवळजवळ नाहीसे झाले आहेत आणि जोडाक्षरांविषयीचे त्यांचे व्यवहारज्ञान फार थोड्या प्रमाणात कागदावर उतरले आहे. म्हणून डिझाईनमधील संशोधन कशाला म्हणावे हा प्रश्न व्याख्येपुरता मर्यादित राहत नाही. ज्याला संशोधन म्हणून मान्यता मिळते त्याचीच नोंद होते, आणि ज्याची नोंद होते तेच पुढील पिढीस उपलब्ध राहते.

२. 'डिझाईन' संज्ञेची व्याप्ती

मराठीत 'डिझाईन' या शब्दाला एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. साडीच्या संदर्भात तो 'नक्षी' होतो, घराच्या संदर्भात 'आराखडा' किंवा 'नकाशा', यंत्राच्या संदर्भात 'रचना' अथवा 'संकल्पन', तर शासकीय परिभाषेत 'अभिकल्प'. बोलीभाषेतील 'घडण' आणि 'बेत' हे शब्दही याच अर्थक्षेत्रात येतात. ही विविधता भाषेचे दारिद्र्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येक व्यवसायाने आपापल्या कामाला आपला शब्द दिला, असाच तिचा अर्थ होतो. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की, सामान्य व्यवहारात 'डिझाईन' म्हणजे वरून चढविलेली शोभा असा समज दृढ झाला. प्रस्तुत लेखात 'डिझाईन' हाच रूढ शब्द व्यापक अर्थाने योजला आहे.

हा व्यापक अर्थ हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'द सायन्सेस ऑफ द आर्टिफिशियल' या ग्रंथात मांडला. विद्यमान परिस्थितीचे इष्ट परिस्थितीत रूपांतर करण्यासाठी जो कृतिक्रम आखला जातो तो डिझाईन होय, असा त्यांच्या विवेचनाचा आशय आहे. या अर्थाने पाहता शेताच्या बांधाची आखणी, दवाखान्यातील रुग्णनोंदणीची पद्धत आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेचे मुखपृष्ठ ही सर्व डिझाईनचीच उदाहरणे ठरतात. निसर्गविज्ञान 'काय आहे' हे शोधते. डिझाईन 'काय असावे' याचा विचार करते. दोहोंची संशोधनपद्धती वेगळी असण्याचे मूळ या भेदात आहे.

भारतीय संदर्भात हा विचार त्याआधीच प्रकट झाला होता. भारत सरकारच्या निमंत्रणावरून आलेल्या चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दाम्पत्याने १९५८ मध्ये 'इंडिया रिपोर्ट' सादर केला. त्यात त्यांनी आपल्याकडील साध्या लोट्याला आदर्श डिझाईनचे स्थान दिले. लोटा पाहून त्यांनी प्रश्न उपस्थित केले ते सौंदर्यापुरते नव्हते. त्यात पाणी किती मावावे, तो हाताने, कमरेवर अथवा डोक्यावर कसा पेलला जाईल, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, तो घासण्यास सोपा आहे काय, त्याची किंमत काय, अशी ती प्रश्नमालिका होती. एका व्यक्तीने लोटा 'डिझाईन' केलेला नाही. अनेक पिढ्यांच्या वापरातून तो घडला, हे त्यांचे निरीक्षण होते. वस्तूला प्रश्न कसे विचारावेत याचा वस्तुपाठ म्हणून हा अहवाल आजही उपयुक्त आहे.

३. डिझाईन संशोधनाची वाटचाल

पाश्चात्य जगात डिझाईन संशोधनाला संघटित रूप १९६० च्या दशकात आले. १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये 'डिझाईन रिसर्च सोसायटी' स्थापन झाली आणि १९७९ मध्ये 'डिझाईन स्टडीज' हे नियतकालिक सुरू झाले. आरंभीच्या अभ्यासकांचा भर डिझाईनची प्रक्रिया गणिती शिस्तीत बसविण्यावर होता. या अपेक्षेला १९७३ मध्ये हॉर्स्ट रिटेल व मेल्विन वेबर यांनी छेद दिला. सामाजिक नियोजनातील प्रश्नांची निःसंदिग्ध मांडणीच करता येत नाही, त्यांचे उत्तर 'बरोबर' किंवा 'चूक' नसून 'अधिक चांगले' किंवा 'अधिक वाईट' असते, आणि प्रत्येक उपाय हा मागे घेता न येणारा प्रयोग असतो, असे त्यांनी दाखवून दिले. पुढे नायजेल क्रॉस यांनी १९८२ मध्ये विज्ञान आणि मानव्यविद्या यांच्याबरोबरीने डिझाईनची स्वतंत्र ज्ञानपद्धती असल्याचे प्रतिपादन केले. डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये कृती करता करता होणाऱ्या चिंतनाचे विश्लेषण केले.

भारतात कलाशिक्षणाची परंपरा जुनी आहे. मुंबईतील सर जे. जे. कलाशाळा १८५७ मध्ये सुरू झाली. ईम्स अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाईन संस्था आणि १९६९ मध्ये मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत औद्योगिक डिझाईन केंद्र स्थापन झाले. या दोन संस्थांनी देशातील डिझाईन शिक्षणाचा पाया घातला. १९७९ च्या अहमदाबाद जाहीरनाम्याने डिझाईनचा संबंध विकसनशील देशांच्या गरजांशी जोडला. फेब्रुवारी २००७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय डिझाईन धोरणास मान्यता दिली. या सर्व घडामोडी प्रामुख्याने महानगरांत आणि विशेष संस्थांत झाल्या. विद्यापीठांशी संलग्न असलेल्या कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयांपर्यंत डिझाईनचा विचार पोहोचला तो फारच क्षीण स्वरूपात.

४. संशोधनाचे तीन प्रकार

डिझाईनमधील संशोधनाचे सर्वांत परिचित वर्गीकरण लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधील क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी १९९३ मध्ये केले. त्याचा आशय मराठीत पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(अ) डिझाईनविषयी संशोधन : यात डिझाईनचा इतिहास, सिद्धान्त, समाजशास्त्र अथवा अर्थशास्त्र यांचा अभ्यास येतो. अभ्यासक स्वतः वस्तू घडवीत नाही. पारंपरिक विद्याशाखांना हा प्रकार सर्वांत जवळचा आहे.

(आ) डिझाईनमधून संशोधन : यात घडविण्याची कृती हेच शोधाचे साधन असते. प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी नमुने तयार केले जातात, ते तपासले जातात, बदलले जातात आणि या प्रवासाची पद्धतशीर नोंद ठेवली जाते.

(इ) डिझाईनसाठी संशोधन : यात एखादी विशिष्ट वस्तू घडविण्यासाठी माहिती गोळा केली जाते. तिचे फलित वस्तूत सामावते. ते लेखी स्वरूपात इतरांपर्यंत पोहोचेलच असे नाही.

तिसऱ्या प्रकारात खरी अडचण उद्भवते. उत्तम कारागीर किंवा कुशल डिझाईनर पुष्कळ शोध घेतो, परंतु तो शोध वस्तूच्या पोटात राहतो. ब्रूस आर्चर यांनी संशोधनाची जी व्याख्या केली तिच्यात पद्धतशीर चौकशी आणि इतरांना कळविता येईल असे ज्ञान या दोन अटी आहेत. दुसरी अट येथे निर्णायक ठरते. वस्तू बोलते हे खरे. परंतु ती आपल्या नाकारलेल्या पर्यायांविषयी बोलत नाही. संशोधनाला नेमकी तीच माहिती हवी असते.

५. देवनागरी अक्षर : तिन्ही प्रकारांचे एक उदाहरण

या तीन प्रकारांतील नाते स्पष्ट करण्यासाठी मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयातील देवनागरी अक्षराचे उदाहरण घेता येईल.

रोमन लिपीच्या तुलनेत देवनागरीच्या छपाईला पूर्वी कितीतरी अधिक खिळे लागत. स्वरचिन्हे अक्षराच्या वर, खाली, मागे व पुढे लागतात आणि जोडाक्षरांची संख्या मोठी आहे. हा भार कमी करण्यासाठी लोकमान्य टिळकांनी टंकसुधारणेचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी 'अ'ची बाराखडी पुरस्कारिली. या प्रयत्नांकडे आजवर प्रामुख्याने भाषिक अथवा राष्ट्रीय चळवळ म्हणून पाहिले गेले. वस्तुतः यंत्राची मर्यादा, वाचकाची सवय आणि लिपीचे व्याकरण यांचा मेळ घालण्याचा हा डिझाईनचा प्रश्न होता. बापूराव नाईक यांचा देवनागरी टंकरचनेवरील इंग्रजी ग्रंथ भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये तीन खंडांत प्रकाशित केला. लिपीच्या उगमापासून यंत्रमुद्रणापर्यंतचा विचार करणारा हा ग्रंथ 'डिझाईनविषयी संशोधना'चे मराठी भूमीतील ठळक उदाहरण होय.

संगणकाच्या आगमनानंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. सुलेखनकार व अक्षररचनाकार र. कृ. जोशी यांनी रचलेला 'मंगल' हा टंक मायक्रोसॉफ्टच्या 'विंडोज २०००' प्रणालीसोबत असंख्य संगणकांवर पोहोचला. छपाईसाठी नव्हे, तर पडद्यावर लहान आकारात वाचता यावे आणि जोडाक्षरे आपोआप जुळावीत, या गरजा त्यामागे होत्या. येथे अभ्यास झाला तो एका विशिष्ट टंकासाठी, म्हणजे तो प्राधान्याने तिसऱ्या प्रकारातील होय.

त्यानंतरच्या पिढीने ही जाण शैक्षणिक चौकटीत आणली. मुंबईच्या औद्योगिक डिझाईन केंद्रात गिरीश दळवी यांनी देवनागरी टंकांचे संकल्पनात्मक प्रतिमान मांडणारे पीएच.डी. संशोधन केले. अक्षराचा कोणता घटक बदलला म्हणजे टंकाचे स्वरूप कसे बदलते, हे सांगण्यासाठी लागणारी परिभाषा अशा अभ्यासातून आकाराला येते. पूर्वी 'हे अक्षर डोळ्यांना बरे वाटते' एवढेच म्हणता येत होते. परिभाषा असली की, बरे का वाटते यावर वाद घालता येतो. त्याच केंद्रातील उदय कुमार यांचे डॉक्टरेटचे संशोधन तमिळ अक्षरांशी संबंधित होते. त्यांनी रचलेले रुपयाचे चिन्ह १५ जुलै २०१० रोजी केंद्र सरकारने स्वीकारले. देवनागरी 'र', शिरोरेषा आणि रोमन 'आर' यांचा त्यात मिलाफ आहे. चिन्हाला सर्वत्र प्रसिद्धी मिळाली. तथापि विद्याशाखेच्या दृष्टीने पाहता चिन्ह हे फलित आहे आणि लिपीच्या घडणीची चिकित्सा हे ज्ञान आहे.

या क्षेत्रात अद्याप मोकळे प्रश्न आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी प्रमाण देवनागरीचे रूप निश्चित केले. त्यात पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श' यांचा आग्रह आहे. युनिकोडमध्ये मात्र मराठी आणि हिंदी रूपांना एकच संकेतांक असल्यामुळे कोणते रूप दिसावे हे टंकावर व भाषेच्या निवडीवर अवलंबून राहते. परिणामी पाठ्यपुस्तकात एक रूप आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर दुसरे रूप, अशी स्थिती बालवाचकापुढे येते. या भेदाचा वाचनशिक्षणावर काय परिणाम होतो, हा शिक्षणशास्त्र, भाषाशास्त्र आणि डिझाईन यांच्या सीमेवरचा प्रश्न आहे. तो तपासण्यासाठी महानगरातील प्रयोगशाळेची आवश्यकता नाही. तालुक्याच्या ठिकाणची प्राथमिक शाळाही पुरेशी आहे.

६. डिझाईनरच्या विचारप्रक्रियेचा अभ्यास

वस्तूप्रमाणेच वस्तू घडविणाऱ्याची विचारप्रक्रिया हाही संशोधनाचा विषय आहे. औद्योगिक डिझाईन केंद्रातील उदय आठवणकर यांनी १९९० च्या दशकात या दिशेने केलेला प्रयोग उल्लेखनीय आहे. त्यांनी अनुभवी डिझाईनरच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एका वस्तूची कल्पना विकसित करण्यास सांगितले आणि त्याने विचार मोठ्याने बोलून दाखवावेत अशी व्यवस्था केली. रेखाटनाची सोय नसतानाही कल्पना पुढे सरकत गेली. हातांच्या हालचाली जणू समोर असलेल्या वस्तूला स्पर्श करीत होत्या. कागदावरील रेखाटन डिझाईनसाठी अपरिहार्य आहे, या समजुतीची फेरतपासणी त्यामुळे आवश्यक ठरली.

या प्रयोगाचे ग्रामीण कारागिरीच्या अभ्यासासाठी विशेष महत्त्व आहे. सुतार, लोहार, गवंडी अथवा विणकर अनेकदा आराखडा काढीत नाहीत. त्यामुळे ते 'डिझाईन' करीत नाहीत, केवळ परंपरेची पुनरावृत्ती करतात, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आराखडा नसणे आणि विचार नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मोठ्याने बोलून विचार सांगण्याची पद्धत, हातांच्या हालचालींचे चित्रीकरण आणि नंतर तेच चित्रीकरण कारागिराला दाखवून घेतलेली मुलाखत, या तीन साधनांनी हा विचार नोंदविता येतो.

७. अंबडची पुष्करणी बारव : वास्तू आणि पाणी

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी अंबड तालुका औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात होता. मत्स्योदरी देवीच्या टेकडीमुळे सर्वदूर परिचित असलेल्या या गावाचा होळकर घराण्याशी निकटचा संबंध आला. गावातील पुष्करणी बारवेचे नाते परंपरेने अहिल्यादेवी होळकर (१७२५-१७९५) यांच्याशी जोडले जाते. स्थानिक लेखनात तिचा उल्लेख बहुधा या कर्तृत्वाच्या संदर्भात येतो. तो योग्यच आहे. तथापि डिझाईनच्या दृष्टीने विचारावयाचे प्रश्न त्यापुढे सुरू होतात.

मराठवाड्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात भूजलाची पातळी वर्षभर स्थिर नसते. पावसाळ्यानंतर ती वर असते आणि उन्हाळ्यात खोल जाते. आडातून पाणी काढावयाचे तर पातळी उतरेल तसा दोर लांबवावा लागतो. पायऱ्यांची बारव मात्र निराळे उत्तर देते. तेथे पाणी ज्या पातळीवर असेल त्या पातळीपर्यंत माणूस उतरतो. बदलत्या पातळीला जुळवून घेणारी ही रचना आहे, आणि तिचे शास्त्र तिच्या उभ्या छेदात दडलेले आहे. म्हणून बारवेच्या अभ्यासाचे पहिले साधन तिचे मोजमापासह काढलेले तळरेखन व उभा छेद हे होय. पायरीची उंची आणि रुंदी, भरलेली घागर घेऊन वर चढणाऱ्या स्त्रीचे पाऊल, मधल्या टप्प्यांवरील विसाव्याची जागा, बेसाल्टच्या घडीव चिऱ्यांचे सांधे, पावसाचे वाहते पाणी आत येऊ नये यासाठी काठाची केलेली योजना, या सर्वांचा परस्परसंबंध मोजमापाशिवाय कळत नाही.

येथे एका विद्याशाखेची मर्यादा स्पष्ट होते. भूगोलाचा अभ्यासक वर्षातून निदान चार वेळा पाण्याची पातळी नोंदवू शकतो. भूगर्भशास्त्राचा अभ्यासक खडकाचा प्रकार व झरे यांची माहिती देऊ शकतो. इतिहासाचा अभ्यासक कागदपत्रे तपासू शकतो. गणिताचा विद्यार्थी छेद काढू शकतो. या चारही नोंदी एका रेखाचित्रावर एकत्र आल्या तरच ही रचना का टिकली, अथवा कोठे ढासळली, याचे उत्तर संभवते.

यापुढे एक प्रश्न असा आहे की जो मोजपट्टीने सुटत नाही. महाराष्ट्रातील सार्वजनिक पाणवठ्यांचा इतिहास हा प्रवेशाच्या अधिकाराचाही इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी महाड येथील चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केलेला सत्याग्रह पाणवठ्याच्या बांधणीशी नव्हे, त्याच्या वापराशी संबंधित होता. कोणत्या वाटेने कोण उतरत असे, कोणाला काठावरच थांबावे लागे, हे रेखाचित्रात दिसत नाही. ते ज्येष्ठांच्या मौखिक साक्षीत असते. कोणत्याही बारवेचा डिझाईनविषयक अभ्यास या साक्षीशिवाय अपुरा राहतो. आकार निर्दोष असतानाही एखादी रचना समाजातील काहींच्या दृष्टीने अस्तित्वातच नसल्यासारखी असू शकते. रिटेल व वेबर यांनी ज्या प्रश्नांना निर्णायक उत्तर नसल्याचे सांगितले, ते प्रश्न याच जातीचे होत.

८. पैठणी : तंत्र, नोंद आणि संरक्षण

दुसरे उदाहरण अंबडला लागून असलेल्या पैठण परिसरातील आहे. पैठणीचे वेगळेपण तिच्या विणकामाच्या तंत्रात आहे. काठ व पदरावरील नक्षी छापलेली वा भरतकामाची नसून, निरनिराळ्या रंगांच्या आडव्या धाग्यांच्या छोट्या कांड्या हाताने फिरवून आणि ते धागे परस्परांत गुंतवून ती विणली जाते. त्यामुळे अस्सल पैठणीची मागील बाजूही पुढील बाजूसारखीच स्वच्छ दिसते. नारळी काठ, असावली, मुनिया, बांगडी-मोर, कमळ ही नक्षीची नावे प्रसिद्ध आहेत. परंतु एखादी नक्षी किती धाग्यांत बसते, वळण कोठे खंडित करावे लागते, कोणता आकार या तंत्रात विणणे अशक्य आहे, याचे ज्ञान विणकराकडे असते.

२०१० मध्ये पैठणीला भौगोलिक संकेताची नोंदणी मिळाली. अशा नोंदणीसाठी उत्पादनाचे वैशिष्ट्य, क्षेत्र आणि निर्मितीची पद्धत लेखी मांडावी लागते. म्हणजे जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या हातातून हातात गेले ते शब्दांत व आकृतीत उतरविणे हा संरक्षणाचा पाया ठरला. यंत्रमागावरील अनुकरणापासून हातमागाचे वस्त्र वेगळे ओळखावयाचे तर फरक नेमका कोठे आहे हे सांगता आले पाहिजे. डिझाईन संशोधनाचा आर्थिक उपयोग तो हाच. जालन्याच्या मोसंबीलाही भौगोलिक संकेत मिळालेला आहे. फळाची हाताळणी, बांधणी व वाहतूक यांचे डिझाईन हा त्यापुढील स्वाभाविक अभ्यासविषय होय.

मात्र येथे नैतिक प्रश्नही उपस्थित होतो. विणकराने सांगितलेल्या गोष्टी शोधनिबंधात 'क्षेत्रीय माहिती' म्हणून येतात आणि श्रेय अभ्यासकाला मिळते. नव्या नक्षीचा शोध लावणारा विणकर 'माहितीदाता' ठरतो, तर त्याच नक्षीचे वर्णन करणारा अभ्यासक 'संशोधक' ठरतो. हा असमतोल दूर करण्यासाठी पूर्वसंमती, कारागिराच्या इच्छेनुसार त्याचा नामनिर्देश, नोंदींची प्रत त्याला देणे आणि व्यावसायिक गुपित प्रकाशित न करणे, या चार गोष्टी किमान म्हणून पाळल्या जाणे आवश्यक आहे.

९. प्रमाणाचे निकष

उपरोक्त उदाहरणांवरून डिझाईनमधील संशोधनाची पारख करण्यासाठी पुढील निकष निष्पन्न होतात.

१) प्रश्नाची स्पष्टता : 'पैठणीचा अभ्यास' हा प्रश्न नव्हे. 'बांगडी-मोर नक्षीतील वक्ररेषा या तंत्रात कशा साधल्या जातात' हा प्रश्न होय.

२) पर्यायांची नोंद : अंतिम नमुन्याबरोबरच सोडून दिलेले नमुने आणि ते सोडण्याची कारणे नमूद असावीत. अयशस्वी नमुना हाही पुरावाच असतो.

३) वापरणाऱ्याची साक्ष : वस्तू जिच्यासाठी घडली त्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष वापरात ती तपासली गेलेली असावी. घडविणाऱ्याचे समाधान हे प्रमाण मानता येत नाही.

४) दृश्य पुराव्याची शिस्त : मोजपट्टी नसलेले छायाचित्र, दिशा व प्रमाण नसलेले रेखाचित्र आणि दिनांक नसलेली नोंद यांना पुराव्याचे मूल्य अत्यल्प असते.

५) खंडनाची शक्यता : दुसऱ्या अभ्यासकाला त्याच साधनांनी तोच मार्ग पुन्हा चालता यावा आणि मतभेद असल्यास तो कोणत्या पायरीवर आहे हे दाखविता यावे.

प्रयोगशाळेतील विज्ञानाप्रमाणे येथे तेच उत्तर पुन्हा मिळेल अशी अपेक्षा नाही. दोन डिझाईनर एकाच प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे देतील आणि दोन्ही योग्य असू शकतील. अपेक्षा आहे ती उत्तरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग उघड असण्याची.

१०. महाविद्यालयांची भूमिका व अडचणी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्र प्रकल्प, समाज सहभाग आणि भारतीय ज्ञान प्रणाली यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. डिझाईनविषयक नोंदींसाठी ही अनुकूल संधी आहे. एका वर्षाच्या विद्यार्थ्यांनी बारवेचे मोजमाप करावे, पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांनी पाण्याच्या पातळीची नोंद ठेवावी, त्यापुढील वर्षी मौखिक साक्षी घ्याव्यात, असे क्रमबद्ध नियोजन केल्यास तीन-चार वर्षांत तालुक्यातील एका वास्तूचा परिपूर्ण अभ्यास सिद्ध होऊ शकतो. याउलट दरवर्षी नवा विषय आणि नवी प्रश्नावली अशी प्रथा राहिली, तर प्रकल्पांची संख्या वाढेल. ज्ञानाचा संचय होणार नाही.

अडचणीही दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. पहिली अडचण प्रकाशनाची आहे. महाविद्यालयीन नियतकालिकांत रेखाचित्रांना जागा कमी मिळते आणि मिळाली तरी त्यांचा आकार इतका लहान होतो की मापे वाचता येत नाहीत. दुसरी अडचण मूल्यमापनाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये सुरू केलेली नियतकालिकांची 'केअर' सूची २०२५ मध्ये बंद केली. दर्जा ठरविण्याची जबाबदारी आता अधिक प्रमाणात संस्थांवर आली आहे. अशा वेळी मोजमापाचा नकाशा, नमुन्यांची मालिका अथवा नोंदवही यांना संशोधनाचे फलित मानावयाचे की नाही, याचा निर्णय संस्थेच्या संशोधन समितीला घ्यावा लागेल. तिसरी अडचण मार्गदर्शनाची आहे. डिझाईनची पदवी असलेला प्राध्यापक तालुक्याच्या महाविद्यालयात सहसा नसतो. परंतु वर निर्दिष्ट केलेल्या पाच निकषांपैकी एकासाठीही अशा पदवीची पूर्वअट नाही. आवश्यकता आहे ती दोन-तीन विभागांनी एकत्र बसण्याची आणि गवंडी, विणकर, सुतार यांना व्याख्यानाच्या व्यासपीठावर नव्हे, तर कामाच्या मेजाशी सोबत घेण्याची.

११. निष्कर्ष

१. डिझाईनची क्षेत्रे अनेक असली तरी त्यांतील संशोधनाचा गाभा समान आहे : वस्तू किंवा व्यवस्था अशीच का घडली, याची इतरांना तपासता येईल अशी मांडणी.

२. वस्तुनिर्मिती हे संशोधनाचे साधन होऊ शकते. परंतु प्रश्न, नाकारलेले पर्याय आणि कसोटी यांच्या नोंदीअभावी ती निर्मितीच राहते.

३. देवनागरी अक्षररचनेच्या क्षेत्रात मराठी भूमीतील अभ्यासकांनी कारागिरीपासून परिभाषेपर्यंतचा प्रवास पूर्ण करून दाखविला आहे. बारव, वस्त्र आणि शेतीची अवजारे या क्षेत्रांत तो अद्याप व्हावयाचा आहे.

४. रचनेच्या अभ्यासात वापराचा व अधिकाराचा प्रश्न अंतर्भूत आहे. मोजमाप आणि मौखिक साक्ष यांपैकी एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

५. कारागीर हा ज्ञानाचा सहनिर्माता आहे, ही भूमिका संशोधनाच्या नीतीत आणि श्रेयनिर्देशात प्रत्यक्ष दिसली पाहिजे.

अंबडसारख्या ठिकाणी अभ्यासाची साधनसामग्री महाविद्यालयाच्या आवाराबाहेरच उपलब्ध आहे. बारवेच्या पायऱ्या मोजण्यास लागणारी मोजपट्टी प्रत्येक भूगोल विभागात असते, आणि ज्यांच्या स्मरणात त्या पायऱ्यांचा वापर आहे अशी माणसे अद्याप गावात आहेत. यांपैकी मोजपट्टी पुढेही राहील. माणसांच्या स्मरणाला मात्र काळाची मर्यादा आहे. त्यामुळे मौखिक साक्षींच्या संकलनास अग्रक्रम देणे इष्ट ठरेल.